झेंड्यावरच्या सह्या : अमेरिकी आणि जपानी सिनेमातलं युद्ध आणि त्यानंतरचं घर

तिसरी घंटा

'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' या 1946 च्या अमेरिकी सिनेमात एक छोटा प्रसंग आहे. पॅसिफिकच्या आघाडीवरून घरी आलेला सार्जंट अल स्टीफनसन आपल्या शाळकरी मुलासाठी दोन वस्तू आणतो, एक सामुराई तलवार आणि एक जपानी झेंडा. झेंड्यावर शाईने बरंच काही लिहिलेलं असतं. मेलेल्या जपानी सैनिकाजवळ सापडला, त्याच्या नातेवाइकांनी लिहिलेल्या शुभेच्छा आहेत, असं बाप सांगतो. मुलाचं लक्ष मात्र दुसरीकडेच. हिरोशिमात वाचलेल्या लोकांवर किरणोत्सर्गाचा काही परिणाम दिसला का, असं तो विचारतो. बाप गोंधळतो. आपण ते बघायला हवं होतं का, हेच त्याला कळत नाही.

सिनेमा तिथून पुढे सरकतो. मी मात्र दर वेळी त्या झेंड्यापाशी अडते. त्यावर लिहिणारी आई कोण होती, बायको होती का, धाकटी भावंडं होती का, पोरगा गेल्याचं त्यांना कधी आणि कुणी कळवलं? याचं उत्तर अमेरिकी सिनेमात मिळत नाही. जपानी सिनेमात मिळतं, आणि तेही एका नाही, अनेक सिनेमांत. म्हणून हा धागा. दोन्हीकडचे सिनेमे जोडीने बघायला हवेत असं मला मनापासून वाटतं. आपल्यातले बरेच जण अमेरिकी युद्धपट कोळून प्यायलेले असतात आणि जपानच्या बाजूला 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' बघून थांबतात.

आधी 'बेस्ट इयर्स'बद्दल, कारण तो थोर सिनेमा आहे आणि आपल्याकडे फारसा बघितला जात नाही. दिग्दर्शक विल्यम वायलर स्वतः बाँबफेकी विमानांतून चित्रीकरण करत फिरला होता, त्यात त्याला ऐकू येणं बरंचसं गेलं. त्याने होमर या खलाशाच्या भूमिकेसाठी हॅरॉल्ड रसेलला घेतलं. रसेल नट नव्हता. लष्करी प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे दोन्ही हात गेले होते. पडद्यावर दिसणारे लोखंडी आकडे त्याचे स्वतःचे आहेत. एका रात्री तो प्रेयसीला, विल्माला, आपल्या खोलीत नेतो आणि झोपताना काय काय होतं ते दाखवतो. खांद्यावरचे पट्टे सोडवतो, आकडे पलंगावर पडतात, आणि मग सांगतो की आता मला दार लागलं तर उघडता येणार नाही, सिगरेट पडली तर उचलता येणार नाही. विल्मा काही न बोलता त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. रसेलला या एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाली, एक सहायक अभिनेत्याचं आणि एक खास सन्मानाचं.

पण बघा, होमरला परतायला घर आहे. घराला छप्पर आहे, अंगण आहे, शेजारीण तीच आहे. अलच्या बँकेतली खुर्चीसुद्धा त्याची वाट बघतेय. गावाला ओरखडाही नाही. बदललाय तो फक्त गेलेला माणूस. अमेरिकी युद्धोत्तर सिनेमाचा हा साचा पुढे साठ वर्षं टिकला. 'द डिअर हंटर'मधला मायकेल व्हिएतनामहून येतो, स्वागताला जमलेली माणसं टॅक्सीतूनच बघतो आणि ड्रायव्हरला गाडी पुढे न्यायला सांगतो. 'द हर्ट लॉकर'मधला जेम्स इराकहून येऊन सुपरमार्केटात सीरिअलच्या खोक्यांच्या भिंतीपुढे नुसता उभा राहतो. गाव शाबूत, माणूस मोडलेला. हे खरंच आहे, कारण 1865 नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर मोठं युद्ध झालंच नाही. तिथे युद्ध लांब कुठेतरी होतं आणि माणूस तिथून 'येतो'.

जपानी सिनेमात येणाऱ्याला घरच नसतं. कुरोसावाचा 'स्ट्रे डॉग' (1949) वरवर पोलीसपट आहे. कोंदट उन्हाळ्यात नवख्या डिटेक्टिव्हचं, मुराकामीचं, कोल्ट पिस्तूल गर्दीच्या बसमध्ये चोरीला जातं. मग ते पिस्तूल खुनाला वापरलं जातं आणि हा अपराधी मनाने तोक्योभर फिरत राहतो. पुढे कळतं की सैन्यातून सुटून घरी येताना मुराकामीची पाठपिशवी रेल्वेत चोरीला गेली होती. ज्या युसाला तो शोधतोय, त्याचीही तशीच चोरीला गेली होती. पिशवीत होतं नव्हतं ते सगळं. एक पोलिसात गेला, एक गुन्हेगार झाला. शेवटच्या पाठलागात दोघे चिखलाने इतके माखतात की कोण कोणता ते चटकन ओळखू येत नाही. बेड्या पडल्यावर युसा रानफुलांत आडवा पडून, जवळून गात चाललेली मुलं ऐकून हंबरडा फोडतो. होमरचं दुःख मला कळतं. युसाचा तो हंबरडा ऐकताना मात्र खुर्चीत बसवत नाही.

आणि झेंड्यावर लिहिणारी बायको? ती ओझूच्या 'तोक्यो स्टोरी'त (1953) आहे. नोरिको. नवरा शोजी युद्धात गेला त्याला आठ वर्षं झाली. तिच्या एका खोलीच्या घरात त्याचा फोटो आहे. गावाहून सासू-सासरे येतात तेव्हा ती शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, उसनी आणते. एक रात्र सासू तिच्याकडे मुक्कामाला राहते, मुलाच्या जागेवर झोपते, आणि तू आता दुसरं लग्न कर म्हणून सुनेला विनवते. शेवटी नोरिको सासऱ्यांपुढे कबूल करते की हल्ली कितीतरी दिवस मला त्याची आठवणही येत नाही. सबंध सिनेमात गोळीचा आवाज नाही, तरी माझ्यासाठी हा जगातल्या श्रेष्ठ युद्धपटांपैकी एक आहे.

तुमचं मत सांगा. आणि 'फायरफ्लाइज'च्या पलीकडची नावंही सुचवा.

मेघमल्हार

वाचनखूण साठवली. 'स्ट्रे डॉग' मी निव्वळ थ्रिलर म्हणून बघितला होता, पाठपिशवीचा धागा आता नीट लागला. सविस्तर रात्री लिहितो.

जुनी रीळं

घंटाताई, मांडणी आवडली. एका गोष्टीची भर घालतो. जपानी सिनेमा असा का झाला हे फक्त जपानी मनाने ठरवलेलं नाही, बरंचसं अमेरिकी सेन्सॉरने ठरवलं.

सप्टेंबर 1945 पासून 28 एप्रिल 1952 पर्यंत जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. प्रत्येक पटकथा आणि प्रत्येक तयार सिनेमा अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या कचेरीतून पुढे जात असे. तलवारबाजीच्या सूडकथा बंद. ताबेदार सैन्यावर टीका नको. अणुबाँबने काय केलं ते दाखवायचं नाही. म्हणून 1946 ते 52 मधल्या जपानी सिनेमांत भग्न शहर दिसतं, काळा बाजार दिसतो, पण ते कुणी उद्ध्वस्त केलं याचा उच्चार होत नाही. 'स्ट्रे डॉग'मध्ये मुराकामी उएनोच्या बाजारात भटकतो तो लांबलचक तुकडा आठवा. तो खऱ्या बाजारात, लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलाय. सहायक दिग्दर्शक इशिरो होंडाने तो चित्रित केला आणि मुराकामी झालेल्या मिफुने या नटाच्या जागी बऱ्याचदा स्वतःच चालला. होंडा चीनच्या आघाडीवरून परतलेला सैनिक होता. परतीच्या वाटेवर त्याने हिरोशिमा बघितलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ताबा उठला आणि सव्वातीन महिन्यांत, 6 ऑगस्ट 1952 ला, कानेतो शिंदोचा 'चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा' आला. शिंदो मूळचा हिरोशिमा जिल्ह्यातला. एक शिक्षिका गावी येते आणि बालवाडीतल्या आपल्या वाचलेल्या मुलांना शोधत घरोघर फिरते, एवढीच गोष्ट. चित्रपटाला पैसे देणाऱ्या शिक्षक संघटनेला तो फार मवाळ वाटला. मग त्यांनी पुढच्याच वर्षी हिदेओ सेकिगावाकडून 'हिरोशिमा' करून घेतला. त्यात हजारो हिरोशिमावासी गर्दीत उभे राहिले. ज्यांनी ती सकाळ भोगली होती अशी माणसं त्यात आठ वर्षांनी पुन्हा त्याच रस्त्यावरून चालली. तो बघायला छाती लागते.

आता दुसरी बाजू. अमेरिकी लष्कराने जॉन ह्यूस्टनकडून लाँग आयलंडच्या मेसन जनरल हॉस्पिटलमध्ये एक माहितीपट करून घेतला, 'लेट देअर बी लाइट'. युद्धाने मन कोलमडलेले सैनिक, त्यांच्या खऱ्या मुलाखती, रडणं, तोतरेपण, झटके, सगळं कॅमेऱ्यापुढे. लष्कराने तो बघितला आणि कुलपात टाकला. लोकांना तो 1980 च्या अखेरीस दिसला. म्हणजे 'बेस्ट इयर्स' सात-सात ऑस्कर घेत होता तेव्हा त्याचा खरा भाऊ तिजोरीत बंद होता.

जपानी कॅमेरामननी 1945 च्या शरदात हिरोशिमा-नागासाकीत जी रिळं भरली, तीही अमेरिकेने उचलून नेली. त्यांची प्रत जपानला 1967 साली परत मिळाली. आपल्या सैनिकाचं मन आणि शत्रूच्या लेकरांची कातडी, दोन्ही एकाच सरकारला लोकांनी बघू नये असं वाटलं. या दोन कुलपांबद्दल बोलल्याशिवाय दोन्ही देशांची तुलना पुरी होत नाही.

कवडसा

वाचते आहे, आणि मला यातलं बरंच पटत नाही. थोडं कडक लिहीन, समजून घ्या.

झेंड्यावर सह्या करणाऱ्या घराचं दुःख खरं आहे. पण तो सैनिक झेंडा कमरेला गुंडाळून कुठे गेला होता? फिलिपिन्समध्ये, चीनमध्ये, ब्रह्मदेशात, मलायात. तिथल्या घरांचं काय झालं? जपानी सिनेमा तुम्ही म्हणता तितका घराघरात जातो, पण फक्त आपल्या घरात.

'द बर्मीज हार्प' (1956) घ्या. मिझुशिमा हा सैनिक भिक्षू होतो आणि मायदेशी न जाता ब्रह्मदेशात मागे राहतो, जपानी सैनिकांची विखुरलेली प्रेतं पुरायला. दिग्दर्शक इचिकावाची चौकट न् चौकट देखणी आहे, मी नाकारत नाही. पण त्यातले बर्मी लोक काय करतात? फळं विकतात, नमस्कार करतात. ज्या देशात सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी आशियाई मजूर लाखाच्या घरात मेले त्या देशावरचा हा सिनेमा, आणि त्यात पुरायला मिळतात ती फक्त जपानी हाडं.

'ट्वेंटी-फोर आइज'ही (1954) तसाच. शोदोशिमा बेटावरची शिक्षिका, तिची बारा मुलं, वीस वर्षांचा काळ. युद्धात आंधळा झालेला विद्यार्थी जुन्या वर्गफोटोवर बोट फिरवत हा इथे बसलाय, ती तिथे, असं सांगतो तेव्हा मीही रडले. त्या वर्षीच्या 'किनेमा जुन्पो' या जपानी सिनेमा-नियतकालिकाच्या यादीत समीक्षकांनी हा सिनेमा पहिला ठेवला, 'सेव्हन समुराई'च्याही वर. उगाच नाही. पण ती गुणी मुलं गणवेश घालून गेल्यावर पलीकडे काय करत होती, हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. युद्ध तिथे वादळासारखं येतं. कुणी सुरू केलेलं नसतं.

अमेरिकेचंही तेच. 'डिअर हंटर'मध्ये व्हिएतनामी माणसं कैद्यांना रशियन रूले, म्हणजे एकच गोळी भरलेलं पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून चाप ओढायचा खेळ, खेळायला लावणारे राक्षस आहेत. असं तिथे घडल्याचा कुठलाच पुरावा नाही. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. दोन्ही देश आपापल्या जखमेवर फुंकर घालतात. तिसऱ्याची जखम कुणाच्याच चौकटीत येत नाही.

ओसाकावासी

इथे काही वर्षं राहतो आहे, म्हणून ऑगस्टबद्दल लिहितो. 6 (हिरोशिमा), 9 (नागासाकी) आणि 15 ऑगस्ट (शरणागती), आणि त्याला लागूनच ओबोन, म्हणजे पितरांना घरी बोलवायचे दिवस. ऑफिसं ओस, गाड्या भरून लोक गावी, कबरी धुवायला. टीव्हीवर युद्धाच्या मालिका, माहितीपट. 'फायरफ्लाइज' कित्येक वर्षं याच दिवसांत लागत आलाय. त्यामुळे इथे युद्धाची आठवण आणि घरच्या मेलेल्यांची आठवण एकमेकींत पार मिसळून गेल्या आहेत. कवडसाताई म्हणतात तो दोष यातूनच येत असावा. श्राद्धाच्या पानावर आपण आपल्याच माणसाला जेवू घालतो.

पण 'फायरफ्लाइज'ला नुसतं रडगाणं समजू नका. सेइता चौदा वर्षांचा, सेत्सुको चारची. कोबेवर बाँब पडतात, आई जाते, मावशी आईची किमोनो विकून तांदूळ आणते आणि मग त्याच तांदळावरून टोमणे मारते. सेइता मानी आहे. तो बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या गुहेत राहायला जातो. आईचे सात हजार येन बँकेत असतात. दिग्दर्शक ताकाहाताने स्वतः सांगितलं होतं की हा युद्धविरोधी सिनेमा नव्हे. नौदल अधिकाऱ्याचा हा मुलगा, जिंकणाऱ्या साम्राज्याचा अभिमान अंगात भिनलेला, कुणापुढे वाकत नाही, आणि त्या ताठ्याची किंमत बहीण मोजते. बँकेतच त्याला कळतं की जपान हरला आणि आरमारही बुडालं. बापाचा फोटो खिशात असतो. देशाचा आणि पोराचा माज एकाच ठिकाणी उतरतो. मूळ कथा लिहिणाऱ्या नोसाकाची धाकटी बहीण खरोखर उपासमारीने गेली होती, आणि तिच्या वाटचं आपण खाल्लं ही टोचणी त्याला जन्मभर होती. ताकाहातानेही लहानपणी ओकायामावरचा बाँबहल्ला भोगला होता. यात शत्रूचा चेहरा एकदाही दिसत नाही. दोष शोधायला प्रेक्षकाला घरातच वळावं लागतं.

तिसरी घंटा

कवडसा, तुझा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि तो स्वतःच्याच देशाला विचारणारे जपानी दिग्दर्शकही आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचंच होतं.

मासाकी कोबायाशी. हा स्वतः मांचुरियात, म्हणजे जपानने बळकावलेल्या ईशान्य चीनमध्ये, शिपाई होता आणि बढती नाकारून शिपाईच राहिला. त्याचा 'द ह्यूमन कंडिशन' (1959 ते 61) तीन भागांचा, साडेनऊ तासांहून मोठा. नायक काजी शांततावादी आहे. सैन्यात जावं लागू नये म्हणून मांचुरियातल्या खाणीवर मजुरांचा अधिकारी होतो. तिथे चिनी कैदी विजेच्या कुंपणामागे ठेवलेत. रेल्वेच्या बंद डब्यातून त्यांना आणतात तो प्रसंग बघ. दार उघडतं, उपाशी माणसं बाहेर ओघळतात आणि अन्नाच्या गाडीकडे रांगत सुटतात, आणि काजी चाबूक घेऊन त्यांना आवरतो, कारण एकदम खाल्लं तर मरतील. चाबूक त्याच्या हातात आहे. हेतू चांगला आहे. तरीही चाबूक त्याच्याच हातात आहे. पुढे कैद्यांची मुंडकी उडवायची वेळ येते तेव्हाही तो तिथे हजर असतो. आपण भला माणूस होतो म्हणून सुटलो, ही पळवाट कोबायाशी प्रेक्षकाला मिळूच देत नाही. याच कोबायाशीने 1953 साली कनिष्ठ युद्धगुन्हेगारांवर 'द थिक-वॉल्ड रूम' केला होता. अमेरिकेची नाराजी नको म्हणून कंपनीने तो तीन वर्षं दाबून ठेवला.

दुसरा किंजी फुकासाकूचा 'अंडर द फ्लॅग ऑफ द रायझिंग सन' (1972). न्यू गिनीत नवऱ्याला पळपुटा म्हणून गोळ्या घातल्या, म्हणून विधवेला पेन्शन नाही आणि स्मरणसभेत नाव नाही. ती दर 15 ऑगस्टला मंत्रालयात अर्ज घेऊन जाते. मग स्वतःच नवऱ्याच्या तुकडीतल्या वाचलेल्यांना शोधायला निघते. प्रत्येक जण वेगळीच हकिगत सांगतो. नवरा शूर होता, चोर होता, माणसाचं मांस विकणारा होता. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर राहणाऱ्यापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांची दारं ती ठोठावते. मागणी एकच, काय झालं ते सांगा.

आणि काझुओ हाराचा माहितीपट 'द एम्परर्स नेकेड आर्मी मार्चेस ऑन' (1987). केंझो ओकुझाकी हा न्यू गिनीहून वाचलेला सैनिक म्हाताऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी धडकतो. युद्ध संपल्यावर आपल्याच शिपायांना गोळ्या का घातल्या, हे तो ओरडून विचारतो आणि वेळ पडली तर अंगावरही जातो. सभ्य दिवाणखाने, चहाचे पेले, आणि चटईवर चाललेली झटापट.

तरी तुझं एक म्हणणं उरतंच. या तिन्हींपैकी दोघांत छळलेला माणूस पुन्हा जपानीच आहे. चिनी माणसाला नाव-गाव देणारा सिनेमा कोबायाशीचाच.

सोलापुरी

चिनी बाजूचा विषय निघालाच आहे, तर आपल्या माणसाचं नाव घेतो. 'बेस्ट इयर्स' आला त्याच 1946 साली व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या सैन्यात शस्त्रक्रिया करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच गेले. शांतारामांनी स्वतः कोटणिसांची भूमिका केली, जयश्रीबाईंनी त्यांच्या चिनी पत्नीची. आज बघताना चिनी गावातले प्रसंग नाटकी वाटतात. पण जपानने ज्यांच्यावर चाल केली त्यांच्या तळावरून ते युद्ध दाखवणारा सिनेमा त्या वेळी मुंबईत, कोल्हापूरच्या माणसाने बनवला, हे या धाग्यात नोंदवलं जायला हवं. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे. चीनचे पाहुणे अजून येतात.

मेघमल्हार

रात्री लिहितो म्हणालो होतो, आता लिहितो.

अमेरिकी सिनेमाबद्दल एक व्यवहाराची बाब. तिथे लष्कर सिनेमावाल्यांना जहाजं, विमानं, रणगाडे देतं, पण पटकथा तपासून. 'टॉप गन'ला (1986) नौदलाने विमानवाहू जहाज दिलं. 'अपोकॅलिप्स नाऊ'ला काही दिलं नाही, म्हणून दिग्दर्शक कोपोलाने फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्ष मार्कोसकडून हेलिकॉप्टरं भाड्याने घेतली. मधूनच ती बंडखोरांशी लढायला निघून जात आणि चित्रीकरण थांबे. 'प्लॅटून'ही फिलिपिन्समध्येच झाला. म्हणजे लष्कराच्या कौतुकाचा सिनेमा स्वस्तात भव्य होतो, टीकेचा सिनेमा परदेशात जाऊन उधारीवर करावा लागतो. बघणाऱ्याला पडद्यावर फक्त हेलिकॉप्टर दिसतं.

दुसरं, घंटाताईंच्या झेंड्याला जोडून. क्लिंट ईस्टवुडचा 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' (2006) बघा. अमेरिकी दिग्दर्शक, जवळजवळ पूर्ण जपानी भाषेत. जखमी अमेरिकी पोरगा, सॅम, जपान्यांच्या गुहेत आणला जातो. बॅरन निशी त्याच्यावर औषधोपचार करायला लावतो. हा निशी 1932 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्णपदक मिळवलेला खरा माणूस. सॅम मरतो. निशी त्याच्या खिशातलं आईचं पत्र जपानीत वाचून दाखवतो. कुत्र्यांनी कुंपणाखाली उकरलं, शेजाऱ्यांच्या कोंबड्या घाबरल्या, असलं काहीबाही. ऐकणारे सैनिक एकेक करून उभे राहतात, कारण आमच्या आईनेही हेच लिहिलं असतं. अल स्टीफनसनने न वाचलेला झेंडा साठ वर्षांनी एका अमेरिकी दिग्दर्शकाने वाचला, असं मला आता वाटतंय. फक्त बाजू उलटी आहे, पत्र अमेरिकी आणि वाचणारा जपानी. आणि त्याच सिनेमात शरण आलेल्या जपानी शिपायाला अमेरिकी पहारेकरी गोळी घालतात, हेही ईस्टवुडने गाळलं नाही.

अणुबाँब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या 'ओपनहायमर'चं मात्र मला खटकलं. नायक हिरोशिमाची छायाचित्रं पडद्यावर चालू असताना मान फिरवतो आणि कॅमेरा त्याच्याच चेहऱ्यावर राहतो. दिग्दर्शक नोलनचे समर्थक म्हणतात की सिनेमा त्याच्या नजरेतून आहे. असेल. पण इतक्या वर्षांनीही ती छायाचित्रं आपल्याला दिसत नाहीत. जपानमध्ये तो 29 मार्च 2024 ला आला, अमेरिकेनंतर आठ महिन्यांनी.

जुनी रीळं

मेघमल्हार, निशीच्या पत्राचं छान जोडलंत. होंडाचं नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते यासाठी.

1 मार्च 1954, बिकिनी बेट, अमेरिकेची हायड्रोजन बाँबची चाचणी. 'दाइगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी बोट राखेखाली सापडली. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला होंडाचा 'गोजिरा' आला, आपण ज्याला गॉडझिला म्हणतो तो. सुरुवातीलाच समुद्रात लखलखाट होतो आणि बोट जळते. जपानी प्रेक्षकाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. आगगाडीत एक बाई म्हणते की नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. जळत्या इमारतीखाली एक आई लेकरांना कवटाळून सांगते की आता आपण बाबांकडेच जाणार. म्हणजे ती युद्धात विधवा झालेली आहे. तुमची झेंड्यावरची बायको इथेही आहे, राक्षसाच्या सिनेमात. इस्पितळात एका पोरावर किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतात आणि डॉक्टर मान हलवतो.

1956 साली अमेरिकेत तो कापून, रेमंड बर हा नट मध्ये घालून दाखवला. बाँबचे संदर्भ जवळजवळ गेले, राक्षस तेवढा राहिला. संगीत अकिरा इफुकुबेचं. 'चिल्ड्रन ऑफ हिरोशिमा', 'हिरोशिमा' आणि 'बर्मीज हार्प' यांचंही संगीत त्याचंच. चारही एका आठवड्यात ऐका. तोच माणूस तेच दुःख वेगवेगळ्या वेषांत वाजवतोय हे कानाला कळतं.

2023 चा 'गॉडझिला मायनस वन' या परंपरेतला आहे. आत्मघातकी हल्ल्यावरून माघारी आलेला वैमानिक भग्न तोक्योत येतो आणि शेजारीण त्याला तू जिवंत कसा म्हणून शिव्या घालते. दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, त्यामुळे आपल्याकडेही बघितला गेला. पण दिग्दर्शक यामाझाकीने त्याआधी 'द इटर्नल झीरो' केला होता, आणि तो अशाच वैमानिकांचं उदात्तीकरण करतो म्हणून जपानमध्येच त्याच्यावर टीका झाली. दोन्ही लागोपाठ बघितले तर त्या देशाच्या मनात अजून काय चाललंय ते दिसतं.

ओझूचा शेवटचा सिनेमा 'अ‍ॅन ऑटम आफ्टरनून' (1962) राहून जायला नको. जुना जहाजाचा कप्तान आणि त्याच्या हाताखालचा माणूस बारमध्ये भेटतात. आपण जिंकलो असतो तर आज न्यूयॉर्कला असतो, असं तो माणूस म्हणतो. कप्तान हसून म्हणतो, हरलो ते बरंच झालं. तो माणूस क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, खरंय, ते मूर्ख लष्करवाले आता आपल्यावर दादागिरी करत नाहीत. मग आरमाराची रेकॉर्ड लागते आणि दोघे सलाम ठोकतात. हरल्याचा आनंद आणि त्या संगीताची ओढ एकाच टेबलावर. अमेरिकी सिनेमात असा प्रसंग मला सापडत नाही.

कवडसा

घंटा, 'ह्यूमन कंडिशन'बद्दल लिहिलंस ते चाबकाचं वर्णन वाचून पहिला भाग लावला. त्या डब्याच्या प्रसंगानंतर थांबवून हे लिहितेय. हो, हा सिनेमा माझ्या तक्रारीत बसत नाही.

फिलिपिन्सवर मात्र मी अडून राहीन. मेघमल्हार यांनी त्या देशाचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा चित्रीकरणाची जागा म्हणून. इचिकावाचा 'फायर्स ऑन द प्लेन' (1959) फिलिपिन्सच्या लेते बेटावर घडतो. क्षयाने खंगलेला तामुरा इस्पितळाने घेतलं नाही तर स्वतःला उडव म्हणून हातबाँब देऊन हाकलला जातो, आणि पुढे सैनिक 'माकडाचं मांस' म्हणून काय खातात ते कळतं. मूळ कादंबरी लिहिणारा ओओका स्वतः फिलिपिन्समध्ये युद्धकैदी होता. भीषण आणि प्रामाणिक सिनेमा. त्यात तामुरा एका फिलिपिनो स्त्रीला गोळी घालतो. तिला नाव नाही. ती मिठाच्या पोत्यासाठी मरते आणि कथा पुढे जाते. फेब्रुवारी 1945 मध्ये जपानी कत्तल आणि अमेरिकी तोफा यांच्यामध्ये सापडून मनिलात सुमारे 1,00,000 नागरिक मेले. त्यांच्या बाजूचा सिनेमा त्यांनीच केलाय, आपण बघत नाही. मारिओ ओ'हाराचा 'तत्लाँग ताओंग वालांग दियोस' (1976), गावातली शिक्षिका आणि जपानी सैन्यातला अधिकारी यांची गोष्ट, नोरा आउनोरने जीव ओतलाय. आणि पेके गालागाचा 'ओरो, प्लाता, माता' (1982), जपानी आल्यावर जमीनदारांची दोन कुटुंबं रानात पळतात आणि हळूहळू स्वतःच हिंस्र होतात. दोन्ही सिनेमांच्या प्रती दुरुस्त करून पुन्हा दाखवल्या गेल्या आहेत.

मेघमल्हार

नोंद केली. 'ओरो, प्लाता, माता' शोधतो. ज्यांना जपानी सिनेमाची अजिबात सवय नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी? घरी बाबांना दाखवायचे आहेत, 'गन्स ऑफ नव्हरोन'वाले आहेत.

तिसरी घंटा

बाबांना आधी 'स्ट्रे डॉग' दाखवा. पाठलाग आहे, पिस्तूल आहे, उकाडा आहे, कंटाळणार नाहीत. मग 'बेस्ट इयर्स', तो पावणेतीन तासांचा आहे तेव्हा सुट्टीच्या दुपारी. नंतर 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा', आणि तो आवडला तर 'फायर्स ऑन द प्लेन'. 'तोक्यो स्टोरी' आईबाबांसोबत बसूनच बघा, पण लगोलग नको. 'ह्यूमन कंडिशन' भागाभागाने, आठवड्याला एक. कवडसाने सांगितलेले दोन्ही मी या महिन्यात बघणार आहे, मग त्यांच्यावर वेगळा धागा काढू. कवडसा, तूच काढ.

कवडसा

काढते. 'ह्यूमन कंडिशन'चे उरलेले दोन भाग आधी संपवू दे.